बंधारा पाण्याखाली जातो तेव्हा

कोल्हापुरात जून सरता सरता रोज सकाळी एकच चौकशी होते, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? 39 ला इशारा, 43 ला धोका. 2019 साली ते 55 फुटांवर गेले, 2021 साली 56 फुटांच्याही वर. त्यामुळे हे आकडे आता इथल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. त्याच्या आधीची बातमी मात्र ठरलेली असते, अमुक इतके बंधारे पाण्याखाली. बंधारा पाण्याखाली म्हणजे त्यावरून जाणारी वाट बंद, एसटी बंद, दूध पलीकडे अडकले. माशांच्या बाजूने पाहिले तर त्याच दिवशी वाट खुली होते. हिवाळ्या-उन्हाळ्यात डोहाडोहात कोंडलेला मासा त्या दिवशी वर निघतो. आपण त्याला चढण म्हणतो.

मासेमारीचे नियम बदलायची चर्चा राज्यात गेली काही वर्षे जोरात आहे. ती मी वाचत आलो आहे आणि दरवेळी मला ही चढण आठवते. चर्चा बहुतेक समुद्राची असते.

समुद्राबाबत राज्याने खरोखर काम केले आहे. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात 2021 साली दुरुस्ती होऊन दंड वाढले. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. 2023 साली पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून 54 जातींचे किमान आकारमान ठरले. चंदेरी पापलेट 135 मिलिमीटरच्या आत असेल तर पकडायचा नाही, सुरमई 370 च्या आत नाही. माशाला एकदा तरी वीण घालू द्यावी आणि मग त्याला हात लावावा, एवढाच या यादीचा अर्थ. दर्यावर राहणाऱ्या जुन्या कोळ्यांना तो सांगावा लागत नाही.

त्या 54 नावांत आपल्या नदीतले एकही नाव नाही. तो कायदाच समुद्राचा, तेव्हा ते असणारही नाही. पण पंचगंगेच्या काठावर राहून मला वाटते, नदीच्या माशांची अशी यादी करायला आपण फार उशीर केला आहे. खरे तर नावे जमवण्याचे काम पावणेदोनशे वर्षांपूर्वीच झाले आहे.

मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम साईक्स दख्खनभर फिरला आणि त्याने इथल्या 46 माशांचे वर्णन 1841 साली छापले. त्याने कोळ्या-भोयांना नावे विचारली आणि तीच नावे शास्त्रीय नावांत बसवली. म्हणून आजही जगभरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर मराठी शब्द लॅटिनच्या शेजारी आहेत: खुदरी, कोळस, नुकटा, पोटील, मळ्या. नुकट्याच्या नाकावर गाठीसारखा उंचवटा असतो, एकदा पाहिलेला विसरत नाही. तो आता आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यात आलेला म्हणून नोंदला आहे. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या माशांची मोजदाद 2011 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जाती संकटात निघाल्या.

कोल्हापूरचा या नावांत आणखी जवळचा वाटा आहे. 1952 साली चं. वि. कुलकर्णी यांनी पंचगंगा-कृष्णेच्या या पट्ट्यातला एक मासा शास्त्राला नव्याने दाखवला आणि त्याला इथल्या लोकांच्या तोंडचे नाव दिले, खवलचोर. हा बोटा-वितीएवढा, चंदेरी, मिशावाला. स्वतःच्या अंगावर एकही खवला नाही, कारण तो शिंगट्याच्या गोतातला. आणि खातो काय, तर दुसऱ्या माशांचे खवले, जाता जाता ओरबाडून. जाळ्यात सापडलेल्या माशांचे खवले कुठे कुठे उपटलेले पाहून ज्या कुणी हे नाव ठेवले, त्याची नजर मला कोणत्याही प्राणिशास्त्रज्ञाच्या तोडीची वाटते. पुढे 1956 साली कळवार आणि केळकर यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोल्हापूरच्या माशांची यादीच दिली. म्हणजे शाहूनगरीच्या नदीत काय होते, हे कागदावर आहे. त्याशेजारी आजची यादी ठेवायची, तर आधी ती करावी लागेल.

लहानपणी मी आजोळी, गगनबावड्याच्या वाटेवर कुंभीच्या काठी असायचो. रोहिणी सरल्या, मृग बरसला की दोन-तीन दिवसांत ओढ्याचे पाणी लाल व्हायचे. रात्री मामा कंदील घेऊन निघायचा, आम्ही पोती घेऊन मागे. शेताच्या बांधावरून पाणी पडते तिथे मासे उड्या घेत असत. पाठ पाण्याबाहेर, पोट चिखलात, तरी वर जाण्याची धडपड. काठीने मारले तरी मिळायचे. एकदा मामीने विळीवर मासा चिरला आणि पिवळी गाभोळी ताटलीभर पसरली. मोहरीएवढे दाणे, एकाला एक चिकटलेले. मामा बघून म्हणाला, "आरं, ह्या एका माश्याच्या पोटात सगळा वढा हाय." त्याने त्या वर्षी चढण मारणे थांबवले नाही. आम्हीही थांबलो नाही. तेव्हा पोतीच्या पोती मासे यायचे आणि ते संपतील असे कुणाच्या मनातही येत नव्हते. आज त्याच ओढ्यावर लोक मच्छरदाणी लावून बसतात. बोटभर पिल्लूही त्यातून सुटत नाही आणि तरी पोते भरत नाही.

यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. जून-जुलैत समुद्र बंद, कोकणातून घाट चढून येणारी ताजी मासळी आटते. तेच दिवस आखाडाचे. श्रावण लागण्याआधी खाऊन घ्यायची घाई असते. मग गोड्या पाण्यातल्या माशाला भाव येतो आणि तो नेमका गाभोळीने भरलेला असताना येतो. किनाऱ्यावर पापलेटची वीण वाचवणारा नियम घाटाच्या या बाजूला मरळ-शिंगट्याच्या विणीवर भार टाकतो. दोन्ही नियम एकत्र बसून करायला हवेत ते यासाठी.

नदीसाठी कायदाच नाही असे नव्हे. सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच गुन्हा ठरवले, आणि राज्याचा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम 1960 चा आहे. पण त्या काळच्या कायद्यांपुढे जिलेटीनची कांडी आणि पाग टाकणारा माणूस होता. बंधारा आणि साखर कारखान्यांची मळी त्यांच्यापुढे नव्हती.

कोल्हापुरी बंधारा ही आपल्या जिल्ह्याने देशाला दिलेली वस्तू. दगडी खांब, मधल्या गाळ्यांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या, पाऊस सरला की घालायचे, पावसाआधी काढायचे. धरणाची भिंत बारमाही उभी असते, हा बंधारा मात्र वर्षातून एकदा नदी मोकळी सोडतो. माशांच्या दृष्टीने हा त्याचा मोठा गुण आहे आणि नियम करायचा तर याच गुणावर करता येईल. वळवाच्या पावसाने पाणी हलते, तेव्हाच मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी येऊन थांबतात. बरगे तेव्हा काढले की वाट मिळते, उशीर झाला की तिथेच जाळी लागतात. बरगे काढण्याची तारीख आज शेतीचे पाणी पाहून ठरते. ती ठरवताना मत्स्य विभागाचा माणूसही त्या बैठकीत असावा, आणि बरगे निघाल्यावर बंधाऱ्याच्या वर-खाली काही अंतरात पहिले काही आठवडे जाळे पडू नये.

उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्याची कथा निराळी आणि जास्त वेदनेची. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच कितीदा पडला, याची मोजणी लोकांनी सोडून दिली आहे. शहराचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसचे रंगीत पाणी थांबलेल्या डोहात कुजते आणि प्राणवायू संपतो. मासे आधी तोंड वर काढून हवेला आ वासतात आणि सकाळी पोट वर करून तरंगतात. जाळ्याच्या आसाचा नियम कितीही काटेकोर केला, तरी एका रात्रीत हजारो मासे असे गेल्यावर त्याला अर्थ उरत नाही. भोई समाजातल्या माणसाला जाळे छोटे म्हणून दंड आणि पाणी मारणाऱ्याला फक्त नोटीस, हे ज्या नियमांत चालेल ते नियम नदीकाठ मानणार नाही, आणि मानूही नये.

22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तळी करणाऱ्यांसाठी तो मोठाच आधार आहे. पण तो पेरलेल्या माशासाठी. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे मासे, चिलापी मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आली. महापुरात तळी भरून वाहिली की हे सारे नदीत येतात. नुकट्याला आणि खवलचोराला पेरणारा कुणी नाही. त्यांच्यासाठी जाळे थांबवायचे, तर थांबणाऱ्याच्या चुलीचा विचार आधी हवा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या तीन महिन्यांसाठी 4500 रुपयांची तरतूद आहे, त्यातले 1500 मच्छीमाराने आधी साठवायचे. ती नदीवरच्या मच्छीमारालाही लागू आहे. नदीत बंदीचा काळ ठरवायचा, तर हे पैसे पहिल्या पावसाच्या आत हातात पडायला हवेत.

राहिला हौशी गळकरी. रविवारी कणकेचा गोळा आणि गांडुळाची डबी घेऊन बसणाऱ्या या माणसाला नियम करणारे सहसा विसरतात. कावेरीची गोष्ट त्यांनी ऐकावी. तिथे पकडून सोडून देणाऱ्या गळकऱ्यांनी वर्षानुवर्षे वह्या ठेवल्या होत्या: कोणता मासा, किती वजन, कोणत्या दिवशी. त्या वह्यांवरूनच शास्त्रज्ञांना कळले की तिथला कुबडा महसीर संपत चालला आहे आणि त्याची जागा बाहेरून आणून सोडलेला दुसरा महसीर घेतो आहे. तो दुसरा म्हणजे आपली खुदरी, साईक्सने दख्खनमध्ये नोंदलेली. लोणावळ्याच्या वळवण तळ्यावर टाटांच्या केंद्रात तिची पिल्ले वाढवली आणि ती चांगल्या हेतूने देशभर वाटली गेली. गळकऱ्यांच्या वह्या नसत्या तर हे कळलेच नसते.

यंदा मी एक वही घेतली आहे. पहिले पान मृगाचे, राजाराम बंधाऱ्याचे. बरगे निघाले होते, गाळ्यांतून गढूळ पाणी वेगाने येत होते. एक मासा उडाला, मागे पडला, पुन्हा उडाला. कोळस असावा. चौथ्यांदा तो गाळ्याच्या कडेने गेला आणि दिसेनासा झाला. मी वेळ लिहिली, सहा वाजून दहा मिनिटे.