पवईची जमीन आणि गिरगावचा अग्नी : फ्रामजी कावसजी बनाजी

आमच्या गिरीज गावी वज्रगड नावाची लहानशी टेकडी आहे. तिच्या माथ्यावर दत्ताचे देऊळ आहे. सायंकाळी तेथे जाऊन बसले म्हणजे एका बाजूस केळीच्या व पानवेलींच्या वाड्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूस नव्या इमारतींची रांग दिसते. ती रांग दरवर्षी थोडी अधिक जवळ येते. जमीन घेऊन तिचे रूप पालटणारा धनिक मनुष्य आम्हांस नवा नाही. तो पुष्कळदा देवळास कळस देतो किंवा चर्चला घंटा देतो, हेही आम्ही पाहिले आहे. अशा मनुष्याचे मोल कोणत्या मापाने करावे, हा प्रश्न मला सतावतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आज मी आपणांस मुंबईच्या एका जुन्या गृहस्थाची हकीकत सांगणार आहे.

त्यांचे नाव फ्रामजी कावसजी बनाजी. त्यांचा जन्म १७६७ साली झाला आणि ते १८५१ साली वारले. म्हणजे पेशवाईचा उत्तरकाळ, कंपनी सरकारचा अंमल आणि व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची पहिली वर्षे, असे तीन काळ त्यांनी पाहिले. बनाजी हे मुंबईतील नामांकित पारशी व्यापारी घराणे होते व त्यांची स्वतःची जहाजे होती. फ्रामजींचे बंधू रुस्तमजी यांनी कलकत्त्यास मोठा व्यापार उभारला. त्यांची जहाजे चीनपर्यंत जात आणि त्या मालात अफूही असे. दात्याच्या पैशाचा उगम नेहमीच निर्मळ असतो असे नाही, हे येथेच सांगून ठेवलेले बरे.

साष्टी बेट १७७४ साली इंग्रजांच्या हाती आले. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही त्याचा पुष्कळ भाग रानात व दलदलीत पडला होता. ज्याच्याजवळ भांडवल आहे त्याला गावे खंडाने द्यावीत, त्याने लागवड वाढवावी आणि सरकारचा वसूल निश्चित व्हावा, असे धोरण कंपनीने स्वीकारले. पवईचा प्रदेश १७९९ साली डॉक्टर स्कॉट नावाच्या इंग्रज गृहस्थास अशाच रीतीने मिळाला होता. तोच पुढे १८२९ साली फ्रामजींकडे आला. त्या वेळी त्यांचे वय बासष्ट वर्षांचे होते. आम्ही मास्तर लोक ज्या वयात पेन्शन घेऊन ओटीवर बसतो, त्या वयात या गृहस्थाने पडीक जमिनीस हात घातला!

फ्रामजींनी तेथे विहिरी खणविल्या, रस्ता केला आणि घरे बांधविली. उसाची लागवड करून साखरेसाठी चरक बसविला. नीळ करण्याकरिता हौद व इमारती उभारल्या आणि रेशमाच्या किड्यांसाठी तुती लावल्या. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० साली हे काम स्वतः पाहून त्याची प्रशंसा केली. या कामांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ऊस बहुतेक वर्षभर शेतात उभा असतो. पावसाळ्यानंतरचे आठ महिने पाणी नसेल तर तो वाळून जाईल, म्हणून विहीर आधी लागते. पिकलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्याचा रस कमी होतो, म्हणून चरक शेताजवळ लागतो. गूळ-साखर बाजारी नेण्यास गाडी लागते आणि गाडीस रस्ता लागतो. आमच्या वसईच्या बागाईतदारास हे शिकवावे लागत नाही. विहिरीवरचा रहाट फिरला तरच आमच्या सुकेळी पिकल्या. जमीन सुधारणे म्हणजे प्रथम तिच्या पाण्याची सोय करणे होय, हे फ्रामजींनी ओळखले होते.

बागाईतीची त्यांना खरी आवड होती. १८३८ साली त्यांनी मुंबईचे आंबे बाष्पनौकेने विलायतेस, थेट व्हिक्टोरिया राणीकडे पाठविले. ही गोष्ट लोक आजही कौतुकाने सांगतात. मला मात्र त्यांच्या दुसऱ्या एका कामाचे अधिक कौतुक वाटते. मुंबईत धोबी तलाव म्हणून जो भाग प्रसिद्ध आहे, तेथे पूर्वी खरोखरच तलाव होता. १८३१ साली फ्रामजींनी मोठी रक्कम खर्चून तो नव्याने बांधविला. त्याबद्दल सरकारने त्या तलावास त्यांचे नाव दिले. नळाचे पाणी तेव्हा मुंबईस नव्हते. विहार तलावाचे पाणी नळांनी शहरात आले ते १८६० साली, म्हणजे फ्रामजींच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. तोपर्यंत विहिरी आणि तलाव हाच गोरगरिबांचा आधार होता.

आता त्यांच्या धर्मकार्याकडे वळू. १८४५ साली फ्रामजी व त्यांचे बंधू यांनी आपल्या पित्याच्या स्मरणार्थ गिरगावच्या बाजूस आतश बेहराम स्थापन केले. पारशी लोकांच्या पवित्र अग्नीच्या तीन पायऱ्या असतात व आतश बेहराम ही त्यांतील सर्वोच्च होय. अशी स्थाने हिंदुस्थानात आठच आहेत. मुंबईत चार, सुरतेस दोन, नवसारीस एक आणि उदवाड्यास एक. त्याची स्थापना सोपी नसते. सोळा ठिकाणचे अग्नी गोळा करावे लागतात. त्यांत कुंभाराच्या आव्याचा, लोहाराच्या भट्टीचा, सोनाराच्या शेगडीचा अग्नी असतो. आकाशातून पडलेल्या विजेचाही असतो. प्रत्येक अग्नी पुनःपुन्हा शुद्ध करून मग सर्व एकत्र करतात. श्रीमंताने उभारलेल्या त्या मंदिराच्या गाभ्यात कष्टकऱ्यांच्या चुलींचा अग्नी तेवत आहे, ही कल्पना मला फार थोर वाटते.

याच १८४५ साली माहीम व वांद्रे यांना जोडणारा रस्ता खुला झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले होते. एकाच वर्षी एका घराण्याने अग्नीस घर दिले आणि दुसऱ्याने वाटसरूस वाट दिली. यांत श्रेष्ठ कोण, असा वाद मी घालणार नाही. मंदिर स्वजनांचे असते व रस्ता सर्वांचा असतो, एवढेच म्हणेन. फ्रामजींची थोरवी ही की, त्यांनी अग्नीची सेवा करण्यापूर्वी तलाव बांधविला होता.

पुढे काळ पालटला. धोबी तलाव बुजला. आता त्याचे नाव आणि फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची वास्तू एवढेच उरले आहे. पवईस १८९१ साली तलाव झाला, १९५८ साली तंत्रशिक्षणाची मोठी संस्था आली आणि नंतर उंच इमारती आल्या. उसाचा मागमूस राहिला नाही. आतश बेहरामातील अग्नी मात्र अखंड जळत आहे, कारण त्याला रोज सरपण घालणारे कोणीतरी आहे. बांधणारा एकदाच बांधतो, राखणाऱ्यास रोज राखावे लागते.

येथे एक कबुली देतो. आमच्या घरामागे एक बावखल होते. परक्या श्रोत्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतील गोड्या पाण्याचे तळे. त्यात पावसाचे पाणी साठते, जमिनीत मुरते आणि समुद्राचे खारे पाणी विहिरींपासून दूर ठेवते. आम्हा भावंडांनी ते स्वतःच्या हातांनी बुजविले आणि त्या जागेवर घर वाढविले. पैशातून उरलेला वाटा देवळाच्या फरशीस दिला, तेव्हा गावाने आमचा सत्कारही केला. तीन उन्हाळ्यांनंतर शेजारणीच्या विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले. तिने आम्हांस शब्दानेही बोल लावला नाही. ती फक्त दुसऱ्या विहिरीवर जाऊ लागली.

म्हणून जमीन घेणाऱ्या आणि देणगी देणाऱ्या प्रत्येक मनुष्यास, आणि प्रथम स्वतःस, मी हाच प्रश्न विचारतो : तू येण्यापूर्वी येथे जितके पाणी होते, तितके तू ठेवून जाणार आहेस काय? कळस, घंटा, फरशी यांचा हिशेब त्यानंतर करू. आमच्या गावांत अजून काही बावखले शिल्लक आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी त्यांतील एकाचा तरी गाळ काढावा असे आम्ही काही वृद्धांनी ठरविले आहे. माझ्या हातांत आता पूर्वीची शक्ती नाही, पण घमेले पुढे सरकविण्याइतकी आहे.