नामदेवांची पदे गुरुमुखीतून वाचताना : मराठी वाचकासाठी उच्चारविचार

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे परंपरामान्य जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. नामदेवांची 61 पदे 1604 मध्ये संकलित झालेल्या आदिग्रंथात, म्हणजेच आजच्या गुरू ग्रंथ साहिबात, समाविष्ट असून त्यांचा पाठ गुरुमुखी लिपीत आहे. तो वाचू इच्छिणाऱ्या मराठी वाचकापुढे प्रामुख्याने दोन अडचणी येतात.

पहिली अक्षरसाम्याची. गुरुमुखीतील ‘स’ देवनागरी ‘म’सारखा, तर ‘म’ हा ‘भ’सारखा दिसतो. केवळ अंदाजाने वाचल्यास शब्दच बदलतो.

दुसरी शब्दान्तीच्या ऱ्हस्व इकार-उकारांची. प्रचलित पाठात ते बहुधा उच्चारले जात नाहीत. ‘नामु’ हे ‘नाम’ असे, ‘गुरि’ हे ‘गुर’ असे वाचतात. तथापि ही चिन्हे निरर्थक नव्हेत. उकार सामान्यतः पुल्लिंगी एकवचन दर्शवितो. ‘गुरि’मधील इकाराने ‘गुरूने’ असा अर्थ सूचित होतो. ज्ञानेश्वरीतील ‘गणेशु’, ‘प्रकाशु’ ही रूपे ज्ञात असणाऱ्यांस हा उकार परका वाटणार नाही.

देवनागरी लिप्यंतरात ही चिन्हे गाळल्यास वाचन सुलभ होते, परंतु अर्थनिश्चितीचा आधार नाहीसा होतो. म्हणून उच्चार जाणकार पाठकाकडून ऐकून शिकावा. अर्थ मात्र लिखित चिन्हांवरूनच लावावा.