माशीचं वय पोळं ठरवतं

फुलावर मधमाशी दिसली की एक लक्षात घ्या, ती आयुष्याच्या उत्तरार्धात आहे. फुलांवरची वणवण हे कामकरी माशीचं शेवटचं काम!

कोशातून बाहेर पडल्यावर पहिले काही दिवस ती पोळ्यातले रिकामे खण साफ करते. मग दाई होते आणि डोक्यातल्या ग्रंथींत तयार होणारा पौष्टिक रस अळ्यांना भरवते. पुढे मेणाचं बांधकाम, आलेला मकरंद उतरवून घेणं, दाराशी पहारा. साधारण तीन आठवड्यांची झाली की अंधारं पोळं सोडून ती उन्हात झेपावते.

पण आता निघायचं, हे तिला सांगतं कोण? राणीमाशी? ती तर अंडी घालण्यात गुंतलेली. हुकूम देणारं तिथे कुणीच नाही!

माशीच्या मेंदूमागे ग्रंथींची एक इवलीशी जोडी असते. तिच्यातून पाझरतं जुव्हेनाइल हॉर्मोन. गंमत पाहा, अळीच्या अंगात हेच हॉर्मोन तिला अळीच ठेवतं, प्रौढ होऊ देत नाही. प्रौढ कामकरी माशीत मात्र ते वाढत गेलं की तिला बाहेरची ओढ लागते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या जीन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी युरोपीय मधमाश्यांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. त्या माश्या फुलांकडे निघाल्या, पण उशिरा. हॉर्मोन बाहेरून दिल्यावर उशीर भरून निघाला.

समोर एक प्रतिस्पर्धीही आहे, व्हायटेलोजेनिन. खरं तर हे अंड्यातल्या बलकासाठीचं प्रथिन. कामकरी माशी सहसा अंडी घालत नाही, मग ते तिच्या काय कामाचं? तिने त्याला वेगळ्याच कामाला जुंपलंय: त्यातूनच अळ्यांचं खाद्य बनतं! तराजूच्या पारड्यांसारखी ही जोडी आहे. व्हायटेलोजेनिन भरपूर, तोवर माशी दाई. ते उतरलं की हॉर्मोन चढतं आणि माशी घराबाहेर.

म्हणजे सगळं वयानुसार, घड्याळ लावल्यासारखं? इथेच खरी कमाल आहे. संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या माश्यांचीच एक वसाहत केली. अन्न आणायला मोठं कुणी नाही. तेव्हा त्यांतल्या काहींचं हॉर्मोन अकाली चढलं आणि जेमतेम आठवड्याभराच्या पोरी मकरंद आणायला निघाल्या! मग उलटा प्रयोग: पोळ्यात फक्त बाहेर जाणाऱ्या माश्या ठेवल्या. काही जणी पुन्हा दाई झाल्या. त्यांचं हॉर्मोन उतरलं, आणि अळ्यांसाठी रस बनवणाऱ्या, आक्रसलेल्या ग्रंथी पुन्हा भरल्या. उतारवयातली माशी चक्क मागे फिरली!

घरात मोठ्या माश्या किती, हे लहानांच्या शरीराला कळतं कसं? एकमेकींच्या स्पर्शातून आणि घासाच्या देवाणघेवाणीतून. 2004 साली त्यातला एक दुवा सापडला. बाहेर जाणाऱ्या माश्यांजवळ एथिल ओलिएट नावाचं रसायन असतं. ते लहान माश्यांना मिळत राहिलं की त्यांचं घर सोडणं लांबतं. मोठ्या कमी झाल्या की तो अटकाव सैल पडतो.

हॉर्मोन प्राण्याला वागायला लावतं, हे आपण ऐकलेलं असतं. मधमाशी त्याची दुसरी बाजू उघड करते: कुणाच्या अंगात किती हॉर्मोन असावं, हे भोवतीच्या हजारो जणींचं वागणं ठरवतं. पोळ्याची गरज रक्तात उतरते आणि तिथून कामाला लागते. हजारो जिवांचा संसार हुकमाशिवाय चालतो तो असा!