'ताडासन' ऐकलं आणि हुश्श झालं!

आई नाही, म्हणून धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला मीच जर्मनीला, म्युनिकला गेले. मालेगावात रोज पहाटे योगवर्गाला जाणारी मी. तिथे बाहेर कडाक्याची थंडी, अन् दिवसभर बाळ मांडीवर. पंधरा दिवसांत कंबर धरली!

मेहुण्यांनी शोधाशोध केली. तिकडे गावोगाव 'फोल्क्सहोखशूले' नावाच्या प्रौढांच्या शिक्षणसंस्था असतात. भाषा, स्वयंपाक, योग, सगळं माफक फीमध्ये. पण वर्ग बहुतेक जर्मनमधून. इंग्रजीतला मिळाला, तर माझ्या पोटात गोळा. बी.ए. झाले खरी, पण मराठी माध्यमातून. चार लोकांत इंग्रजी बोलायचं म्हणजे घामच फुटतो.

वर्ग सुरू झाला अन् बाई म्हणाल्या, "ताडासन!"

मैत्रिणींनो, यामागे आपलं पुणं आहे बरं का. तिथल्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींना व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी १९५४ मध्ये युरोपात नेलं. गुरुजींचं 'लाइट ऑन योगा' १९६६ मध्ये इंग्रजीत आलं, तरी आसनांची नावं संस्कृतच राहिली.

अडतं ते मधल्या शब्दांशी. 'इनहेल' म्हणजे श्वास घ्या, 'एक्झेल' म्हणजे सोडा. असे दहा-बारा शब्द वहीत लिहूनच न्या. आणि दुखणं आधी सांगा. मी लाजून गप्प बसले, गुडघा दुखावून घेतला. दुसऱ्या दिवशी 'नी पेन' एवढंच म्हटलं, तर बाईंनी लगेच घडीचं ब्लँकेट दिलं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मलाच पुढे बोलावलं. 'पश्चिमोत्तानासन' नीट कसं म्हणायचं? मी तीनदा म्हणून दाखवलं, सगळा वर्ग माझ्यामागून म्हणत होता.