घरच्या गाडीची निगा : लेखांक सातवा — अति आवळलेला बोल्ट

मागील लेखांकात साखळीच्या ताणाचा विचार झाला. या आठवड्यात इंजिनाच्या तळाशी असलेल्या, तेल सोडण्याच्या एकाच बोल्टाची कैफियत मांडावयाची आहे. कारण मृग लागण्यापूर्वी, पेरणीची धांदल उसळण्याच्या आत, चिखली-मेहकरपासून नांदुरा-जळगाव जामोदपर्यंत ज्या ज्या अंगणात मोटरसायकलचे तेल घरीच बदलले जाते, तेथे हाच बोल्ट वारंवार अडून बसतो, आणि त्याच्या अडण्याचे मूळ पुष्कळदा मागच्या खेपेच्या बेसुमार आवळणीत सापडते.

ही आवळणी भीतीपोटी होते. राजूर घाटात अथवा शेतरस्त्याच्या खाचखळग्यांत बोल्ट निसटला तर तेल वाहून जाईल आणि इंजिन जाम होईल, ही धास्ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु बोल्ट टिकतो तो कशामुळे, हे ध्यानी घेतले पाहिजे. आवळताना पोलादाचा बोल्ट सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो आणि पूर्वस्थितीस येण्याच्या त्याच्या ओढीने पकड राहते. पान्यावर लावलेल्या बळापैकी सुमारे निम्मे बोल्टाच्या डोक्याखालील घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात खर्ची पडते. ताण निर्माण करण्यास उरतात ते जेमतेम १० टक्के. आटे तेलकट असले म्हणजे घर्षण घटते आणि हाताला तेवढेच बळ जाणवत असूनही ताण मात्र पुष्कळच वाढतो. आणि हा बोल्ट तर सदैव तेलाने माखलेला! शिवाय तो ज्या कवचात बसतो ते ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, म्हणजे पोलादाहून मऊ असल्यामुळे, अतिरेकाची शिक्षा बोल्टाऐवजी इंजिनाच्या आट्यांना भोगावी लागते.

आता सोडवणुकीकडे वळू. आपल्याकडील काळी माती वाळली म्हणजे बोल्टाच्या डोक्याभोवती घट्ट थर धरते. तो तारेच्या ब्रशाने संपूर्ण काढल्यावाचून पाना पुरता बसत नाही, आणि अर्धवट बसलेला पाना डोक्याच्या कडा गोल करून टाकतो. पाना सहा कोनांचा रिंग किंवा गोटी पाना असावा. उघड्या तोंडाचा पाना या कामी वर्ज्यच समजावा. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे आट्यांची मिठी थोडी सैल होते. मात्र तेल पोळेल इतके तापू देऊ नये.

यानंतर दिशेचा प्रश्न, आणि येथे जाणत्यांचीही फसगत होते. बोल्टाचे डोके जमिनीकडे तोंड करून असल्याने गाडीवर वाकून वरून पाहणाऱ्यास डावे-उजवे उलटे भासते, आणि सोडवीत आहोत अशा समजुतीने मनुष्य तो आणखी आवळीत जातो. म्हणून डोक्याच्या समोर दृष्टी नेऊन घड्याळाच्या काट्यांविरुद्ध दिशा ठरवावी. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून दुसऱ्या कोणास ती धरावयास सांगावे, आणि पान्याच्या टोकावर हातोडीने आखूड, नेमके ठोके द्यावेत. एकदा अडलेले घर्षण मोडले की पुढचे काम हाताने होते. पान्याला पाइप जोडून लांबी वाढविण्यास, पाना नीट बसला असेल तर, सोडविताना माझी हरकत नाही. आवळताना मात्र तो पाइप घराबाहेरच ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

इतके करूनही डोके गोल झाले, तर एक माप लहान गोटी ठोकून बसवून पाहावी. त्याउपर आटेच गेले असतील, तर घरी टॅप चालवू नये. नवे आटे पाडताना निघणारा धातूचा कीस इंजिनात राहिला तर बेअरिंगांवर गदा येते. खामगाव-मलकापूरच्या जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांवर हात बसलेले फिटर आणि लेथवाले या परिसरात आहेत. त्यांच्याकडून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचे तारेचे वेटोळे, बसवून घेणे हाच शहाणपणाचा खर्च होय.

पुन्हा बसविताना वॉशर नवा घ्यावा, कारण जुना एकदा चेपला गेला की गळती थोपविण्याची त्याची शक्ती पुष्कळशी सरते. बोल्ट प्रथम बोटांनीच फिरवावा; दोन-तीन फेरे विनासायास गेले नाहीत तर तो तिरका बसत आहे असे जाणून काढून घ्यावा. १०० सीसीच्या पुष्कळशा गाड्यांत १२ मिलिमीटर व्यासाच्या या बोल्टास साधारण २५ न्यूटन-मीटर एवढी आवळणी पुरते. तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. टॉर्क पाना नसेल तर २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे १० किलो भार पडावा, म्हणजे दहा लिटर पाण्याची भरलेली बादली उचलताना हाताला जेवढा जोर लागतो तेवढाच.

काढलेले तेल बांधावर किंवा विहिरीच्या आसपास ओतू नये. डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावे. पहिली फेरी मारून आल्यावर बोल्टाखाली कोरडे फडके धरून पाहावे. डाग न दिसल्यास पाना उचलण्याचे प्रयोजन नाही. पुढील लेखांकात, उन्हाळ्याच्या धुळीने कोंदलेल्या एअर फिल्टरचा विचार करू.