बोया बुडण्याआधी

पहाटेचे सहा वाजले आहेत. तलावाच्या काठावर दोघे जण बसले आहेत, एक नवखा आणि एक मुरलेला. नवख्याचा बोया दोनदा थरथरतो. तो घाईने काठी ओढतो. गळ मोकळाच बाहेर येतो, कणकेची गोळी केव्हाच गेलेली असते. शेजारी बसलेला मुरलेला गडी जागचा हलत नाही. ही थरथर चिलापीची नाहीतर बोटाएवढ्या एखाद्या माशाची, हे त्याला ठाऊक असते. थोड्या वेळाने त्याचा स्वतःचा बोया काही वेगळेच करतो. तो बुडत नाही, उलट पाण्यातून वर उचलला जातो आणि आडवा पडतो. आता मात्र तो काठी उचलतो. दोरा ताणला जातो, काठी वाकते आणि रील कुरकुरू लागते.

तळाशी चरणाऱ्या सायप्रिनस नावाच्या माशाने चारा तोंडात घेताना त्याच्याबरोबर शिशाचा मणीही उचलला होता. बोयावरचा भार कमी झाला, म्हणून तो वर आला. पाण्याखाली काय चालले आहे ते बोयावरून ओळखायचे, ही या छंदातली पहिली शिकवण.

घाटावर याला गळ टाकणे म्हणतात. कोकणात गळ झाला गरी, आणि काम झाले गरवणे. ही आवड आजची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो महाराष्ट्रातल्या ओवीच्या उल्लेखामुळे माहीत असतो. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. काठी, दोरी, गळ आणि कोणत्या माशाला कोणता चारा द्यावा, याचा विचार त्यात केलेला आहे.

महाराष्ट्रातल्या तळ्यांत आणि धरणांत गळाला लागणारे मोठे मासे बहुतेक एकाच कुळातले असतात. इंग्रजीत त्यांना ‘कार्प’ म्हणतात. रोहू, कटला आणि मृगळ हे देशी. सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हे परदेशी. या कुळाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. चारा आधी पाण्यासकट आत ओढायचा, नको असेल तर थुंकायचा आणि हवा असेल तर घशात चिरडायचा, अशी त्यांची खाण्याची रीत. त्यांना जठरही नसते, त्यामुळे ते एकदाच भरपेट खाण्यापेक्षा दिवसभर थोडेथोडे चरत राहतात. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी फार कामाच्या. चारा मऊ आणि नैसर्गिक लागला तरच तो तोंडात राहतो, आणि चरणारा मासा एका जागी थांबवून ठेवता येतो.

रोहू-कटला आपल्याकडे इतके रुळले आहेत की ते मूळचे इथलेच वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे माहेर गंगेच्या खोऱ्यातले. हे मासे पावसाळ्यात वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी नदीतून बीज गोळा करण्यावाचून इलाज नव्हता, आणि त्या बिजात नको ते मासेही मिसळलेले असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. त्यानंतर मत्स्यजिरे (नुकती जन्मलेली पिल्ले) आणि बोटुकली (बोटाएवढी झालेली पिल्ले) केंद्रांवर तयार होऊ लागली आणि देशभरच्या तलावांत सोडली जाऊ लागली. गावच्या पाझर तलावात आज जो रोहू गळाला लागतो, त्याच्यामागे हा इतिहास आहे.

सुरुवात करणाऱ्याने माशाचे तोंड नीट पाहावे. कटल्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे, खालचा ओठ पुढे आणि तोंड आकाशाकडे वळलेले. त्याला मिशा नसतात. हा पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे तोंड लहान, थोडे खाली वळलेले आणि ओठांना झालर. तो मधल्या थरात फिरतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाचा गाळ उकरतात. सायप्रिनसला मिशांच्या दोन जोड्या असतात आणि पाठीवरच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी असतो, जाळ्यात हमखास अडकणारा. गवत्या नावाप्रमाणे पाणवनस्पती खातो. मत्स्यशेतीत हे मासे एकाच तळ्यात एकत्र वाढवता येतात ते याच कारणाने, कारण प्रत्येकाची पंगत वेगळी. गळाची खोलीही त्याच हिशेबाने ठरते: कटल्यासाठी बोयाखाली तीन-चार फुटांवर, सायप्रिनस आणि मृगळासाठी थेट तळाला टेकलेला.

सामान फार लागत नाही. लहान माशांसाठी बांबूची सरळ काठी पुरते. मोठ्या रोहू-कटल्यासाठी आठ ते दहा फुटांचा रॉड, साधे फिरते रील आणि सहा ते आठ किलोचा ताण सोसणारा तंगूस (नायलॉनचा दोरा) असला की काम भागते. गळांच्या क्रमांकांची गंमत अशी की आकडा जितका मोठा तितका गळ लहान. सुरुवातीला चार ते आठ क्रमांकांतले गळ घ्यावेत. बोया, शिशाचे मणी, लांब दांड्याची हातजाळी आणि गळ सोडवायची चिमट्यासारखी पक्कड एवढे झाले की पिशवी भरली. रीलची आवळणी मात्र आधीच तपासून घ्यावी. तंगूस तुटण्याच्या ताणाच्या बऱ्याच आधी ते दोरा सोडू लागले पाहिजे. पहिला मोठा मासा हातचा जातो तो बहुधा फार आवळून ठेवलेल्या रीलमुळे.

चाऱ्याबाबत प्रत्येक तलावावर प्रत्येकाचे मत वेगळे, तरी मूळ कृती एकच. दोन भाग कणिक आणि एक भाग बारीक कुटलेली शेंगदाण्याची पेंड घ्यावी, वासाला चिमूटभर हिंग किंवा भाजलेल्या मेथीची पूड टाकावी आणि चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट मळावे. मळताना थोडा पिंजलेला कापूस मिसळला की गोळी पाण्यात लवकर विरघळत नाही. गोळी बोराएवढी करावी आणि गळाचे टोक किंचित बाहेर राहू द्यावे. सायप्रिनसला उकडलेले मक्याचे दाणे आणि गांडूळही आवडतात. गळाच्या जागी आधी कोंडा आणि पेंडीचे चार-पाच गोळे टाकून ठेवले, तर चरणारे मासे तिथे जमतात. ही चारणी हात राखून करावी. मासे चाऱ्यानेच पोट भरून बसले तर गळाकडे फिरकत नाहीत, आणि न खाल्लेली पेंड तळाशी कुजून पाणी खराब करते.

काही जण तारेच्या स्प्रिंगवर पेंडीचा गोळा दाबून भोवती पाच-सहा गळ लटकवतात. मासा पेंड ओढू लागला की एखादा गळ आत जातो, आणि बाकीचे त्याच्या डोळ्यात नाहीतर कल्ल्यात रुततात. नवख्याने हा मार्ग धरू नये. एक काठी, एक गळ, आणि जमल्यास गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला. दोरा ताणलेला ठेवला तर काटा नसलेल्या गळावरूनही मासा सहसा सुटत नाही.

जागा निवडताना पाणी वाचावे लागते. दोऱ्याला नुसते शिसे बांधून चार ठिकाणी टाकले की तळाचा चढ-उतार समजतो. उथळ पाणी जिथे एकदम खोल होते ती कड, पाणगवताची किनार, ओढा तलावाला मिळतो ते तोंड, आणि वारा ज्या काठावर आपटतो तो काठ, या चरायच्या जागा. तळातून बुडबुड्यांची माळ वर येऊन तिथे पाणी गढूळ झाले, तर खाली कोणीतरी गाळ उकरत आहे असे समजावे. नदीवर प्रवाहाच्या कडेचा संथ डोह आणि वळणाचा आतला काठ बघावा. काठावरचा उंबर पाण्यावर ओणवा असेल, तर त्याची फळे पडतात तिथे मासे फिरत असतात. काठावर धावपळ करू नये. या कुळातल्या माशांच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार तिखट ऐकू येते. पावलांचा धपधपाटही पुरतो.

वेळेचे गणित पाण्याच्या उबेवर आहे. कडाक्याच्या थंडीत मासे सुस्त असतात. फेब्रुवारीपासून पाणी तापू लागते आणि त्यांची भूक वाढते. उन्हाळ्यात सकाळचा पहिला प्रहर आणि संध्याकाळ चांगली. दुपारी मासे खोल पाण्यात उतरतात. एखाद्या ढगाळ, कोंदट पहाटे पुष्कळ मासे पाण्यावर तोंड काढून फिरताना दिसले तर ते भुकेले आहेत असे समजू नये. पाण्यातला प्राणवायू कमी पडल्याने ते गुदमरलेले असतात. तेव्हा गळ टाकण्यात अर्थ नसतो, आणि ते योग्यही नव्हे.

मासा लागला की काठी उंच धरावी, दोरा सैल पडू देऊ नये आणि मासा पळाला तर पळू द्यावे. सायप्रिनस पाणगवतात घुसतो, रोहू लांब धाव घेतो, कटला आपल्या वजनाने खेचतो. मासा दमून कुशीवर झाला की हातजाळी आधी पाण्यात बुडवून ठेवावी आणि माशाला तिच्यावर ओढून आणावे. सोडायचा असेल तर हात ओले करूनच धरावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तिथे बुरशी धरते. तापलेल्या खडकावर मासा आपटू देऊ नये. पाण्यात सोडताना तो स्वतः हलू लागेपर्यंत त्याला सरळ धरून ठेवावे. खायला न्यायचा असेल तर त्याला तडफडत ठेवू नये. डोक्यावर एकच नेमका घाव घालून संपवावा.

कुठे बसायचे, याचीही रीत आहे. बहुतेक तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यातली बोटुकली संस्थेने स्वतःच्या पैशाने सोडलेली असते आणि त्यावर सभासदांची घरे चालतात. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरणे. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद वर्षानुवर्षे गळ टाकत आले आहेत. अशा संघटनेत नवख्याला शिकायला मिळते. पवईत मगरीही आहेत, तेव्हा गुडघाभर पाण्यातही उतरू नये. धरणाखालच्या पात्रात बसण्याआधी पाणी कधी सोडणार याची चौकशी करावी. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला बंदी असते. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे तर १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. अशा ठिकाणी तुटलेला तंगूस काठावर टाकला तर तो पक्ष्यांच्या पायात अडकतो. तो गुंडाळून घरी न्यावा.

आता राहिले इथले खरे रहिवासी. कार्पच्याच कुळातला दख्खनचा महसीर, म्हणजे आपला खडस, सह्याद्रीच्या नद्यांतला. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि ‘खुद्री’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. पुढे धरणे, सांडपाणी आणि सुरुंगांमुळे अनेक नद्यांतून तो दिसेनासा झाला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून त्याचे बीज तयार करण्याचे काम चालवले आहे. महाडजवळ वाळणकोंडीत काळ नदीच्या डोहातले हे मासे देवीचे म्हणून लोकांनीच राखले आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही. लोक काठावरून त्यांना खाऊ घालतात.

तलावात सोडलेला रोहू किंवा सायप्रिनस परवानगीने घरी न्यायला हरकत नाही, त्याचे बीज पुढच्या वर्षी पुन्हा सोडले जाते. खडस तसा नाही. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, सोनेरी झाक असलेला मासा नदीत गळाला लागला, तर त्याला पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवावा आणि जाऊ द्यावे. पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे मासेही पोटात अंडी घेऊन निघालेले असतात. चढणीच्या किंवा वलगणीच्या माशांवर तुटून पडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, पण नद्यांची आजची अवस्था पाहता ती आता थांबवली पाहिजे. मृग लागला की गळ पुसून, तेल लावून डब्यात ठेवावेत. पूर ओसरून पाणी निवळले की ते बाहेर काढायला पुरेसे महिने शिल्लक असतात.