किमान वेतन : उपकार नव्हे, हक्क

‘मजूर स्वखुशीने एवढ्या रोजावर यायला तयार आहे, मग कायदा मध्ये कशाला?’ घराचे बांधकाम असो वा वाडीतील काम, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतो. किमान वेतनाचा हेतू समजून घ्यायचा, तर याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी.

ज्याच्या घरी आजची चूल पेटायची आहे, त्याला अधिक रोजासाठी थांबून राहण्याची सवड नसते. मालकाला ती असते. म्हणूनच पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले, की दोघांनी मान्य केली एवढ्यानेच मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा तीत निर्वाह व्हायला हवा.

आपल्या देशात किमान वेतन कायदा १९४८ साली झाला. परंतु ‘किमान’ म्हणजे किती? १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचे निकष ठरविले : एका कमावत्यामागे तीन प्रौढांचा आहार, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, तसेच इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ व वार्धक्याची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. म्हणजेच किमान वेतन हा श्रमाचा बाजारभाव नव्हे. ती माणसासारखे जगण्याची शेवटची पायरी आहे.

मग मजुराच्या ‘स्वखुशी’चे काय? दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली त्याचे उत्तर दिले. गरिबीपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीत राबावे लागणे ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरीच होय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. पूर्वी किमान वेतन अनुसूचीतील उद्योगधंद्यांपुरतेच होते. ही मर्यादा आता उरलेली नाही. केंद्र सरकार निश्चित करील त्या तळवेतनाहून कमी दर कोणत्याही राज्याला ठरविता येणार नाही. देय रकमेवरील हक्क सोडून देण्याचा करार कामगाराने केला, तरी तो रद्दबातल ठरतो.

यापुढे रोज ठरविताना ‘तू किती घेशील?’ असे विचारण्याआधी ‘शासनाने ठरविलेला दर किती?’ असे आपण स्वतःला विचारूया. आणि तो दर हा आरंभ आहे, कमाल मर्यादा नव्हे, याचेही भान ठेवूया.